एकेक पाय उघडणारा खेकडा

हर्णे,
२७ सप्टेंबर २००७

चि. सौ. गुणवंतीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो. पण तुमचा फोन हॉलमध्ये, आणि तो कायम रुपालीच उचलते. माझ्या मोबाइलवर बोलावं तर लिलावाच्या गर्दीत चार माणसं कान लावून उभी. जे सांगायचंय ते पोरीच्या कानावर जायला नको नि बंदराच्याही. म्हणून कागद. भिकाजीचा टेम्पो उद्या कारखान्यावर मासळी घेऊन रत्नागिरीला येतोय, त्याच्या हाती देतो.

परवा बर्फवाल्या रावजीने मला हाक मारून आत नेलं आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर आपल्या रुपालीचा फोटो दाखवला. खाडीच्या चिखलात ढोपरापर्यंत उभी, हातात चिंबोरी, शेजारी कोण कुठला पोरगा दात काढून हसतोय. खाली अनोळखी लोकांनी कायबाय लिहिलेलं. रावजी म्हणाला की हरिश्चंद्रशेठ, पोरगी फेमस झाली. सगळ्या हर्ण्याने बघून झाल्यावर बापाने बघितला.

तुमच्याकडे जूनपासून ते इंटरनेट आल्याचं तूच सांगितलं होतंस. शिकायला पाठवली म्हणून मी काही बोललो नाही. पण हे शिक्षण नव्हे. पेपरात वाचलं की इंटरनेटचा जो डबा घरात असतो त्याला आतून कुलूप घालता येतं, कोणाला सोडायचं नि कोणाला नाही ते ठरवता येतं. तू शिकलेली आहेस, मास्तरीण आहेस. ते कुलूप घाल. तिला सांगू नको.

मालन तुझ्यासाठी सुकट पाठवते आहे. आत्मारामरावांना नमस्कार.

तुझ्यावर विसंबलेला,
दादा


रत्नागिरी,
१ ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र आणि सुकट दोन्ही पोचलं. सुकट उत्तम. पत्राबद्दल तसं म्हणता येत नाही.

तो फोटो मी पाहिलाय. रुपालीनेच दाखवला होता. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आहे भाट्याच्या खाडीतले खेकडे. वर्गातली सहा मुलं चिखलात उतरली होती, शेजारचा मुलगा त्यातलाच, आणि तो हसत होता कारण त्याआधी त्याच खेकड्याने त्याचं बोट धरलं होतं. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं खेकडा कसा रांधावा याबद्दल आहे.

तरीही तू विचारलंयस म्हणून डब्याबद्दल सांगते. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट घरातल्या संगणकांना वाटून देणारं ते यंत्र, त्याला राउटर म्हणतात. आपल्याकडे संगणक दोन. एक ह्यांचा, हॉलमधला, आणि एक रुपालीच्या टेबलावरचा, जो तूच तिला बारावीनंतर घेऊन दिलास. जेटीवर कशी बोटींच्या नंबरांची नोंद असते, तसा प्रत्येक संगणकाला नंबर असतो, आणि राउटरमध्ये त्या नंबरांची यादी करता येते. कोणत्या बोटीला आत घ्यायचं, कोणतीला बाहेर थांबवायचं, कोणतीला किती डिझेल द्यायचं, सगळं त्या यादीवरून ठरवता येतं. तेव्हा कुलूप घालता येत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल.

पण दादा, घालावं का? आणि तिला न सांगता? वर्गात मी मुलांना शिक्षा करते तेव्हा निदान का केली ते सांगते. पुन्हा एकदा विचार कर एवढंच म्हणते.

ह्यांचा नमस्कार. वहिनीला सुकटीबद्दल माझ्याकडून वेगळा. माया आहे ती असू दे, माझं म्हणणं पटलं नाही तरी.

तुझी,
गुणा


हर्णे,
४ ऑक्टोबर २००७

चि. सौ. गुणवंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचार केला. दुसऱ्यांदा केला तरी तोच निघाला.

खेकडे ओळखायला इंटरनेट कशाला लागतं ते मला कळलेलं नाही. मला विचारावं. चिंबोरी नर की मादी हे मी अंधारात हात लावून सांगतो. तुमच्या कॉलेजच्या प्रोफेसरांना सांगता येतं का विचार.

तू मला जेटीचं उदाहरण दिलंस ते बरं केलंस, आता सगळं समजलं. आमच्याकडे लिलाव उघड्या वाळूवर होतो. कोणी काय आणलं, कोण कोणाशी बोललं, सगळं सगळ्यांसमोर. तुमच्या डब्यातून काय येतं नि काय जातं ते एकाच्या डोळ्याला दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्यावर पोर सोडून मी इथे झोपू शकत नाही. मालनला हे बोललो तर म्हणाली की तुम्ही झोपता, घोरताही. ते सोड.

सरळ सांगतो. तुला जमत असेल तर कर. जमत नसेल तर दिवाळीआधी रुपालीला घरी आणतो. बर्फाच्या शेडवर माल मोजून घ्यायला माणूस हवंच आहे. पदवी न घेतलेली माणसंसुद्धा जगतात, मी जगलोय.

राग धरू नको, आणि धरलास तरी काम कर.

दादा


रत्नागिरी,
१० ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं काम केलं. कसं केलं ते ऐक, म्हणजे पुढच्या वेळी हुकूम पाठवताना हात थोडा आखडेल.

पहिल्यांदा उमेरला फोन केला. ज्याच्या दुकानातून राउटर घेतला तो उमेर. त्याने विचारलं की मॅडम, कोणाला अडवायचंय. मी म्हटलं, कोणाला नाही, आपली माहिती असावी म्हणून. तो हसला आणि म्हणाला की सगळे हेच सांगतात, माझी निम्मी गिऱ्हाइकं बंद करायला विचारतात नि निम्मी उघडायला, आणि बऱ्याचदा दोघं एकाच घरातली असतात. त्याने पायरी पायरीने सगळं सांगितलं, शेवटी पासवर्ड बदला असंही सांगितलं. ते मी नंतरसाठी ठेवलं.

रुपाली कॉलेजात असताना तिच्या खोलीत गेले, संगणकाचा नंबर उतरवून घेतला. माझ्याच घरातल्या खोलीत मी दाराकडे बघत बघत शिरले, हे तुला कळवून ठेवते. मग ह्यांच्या संगणकावरून राउटरची पानं उघडली. यादीच्या वर दोन पर्याय होते. एक, यादीतल्यांनाच सोडा. दुसरा, यादीतल्यांना अडवा. मी नंबर भरला आणि घाईत पहिल्याच पर्यायावर टिचकी मारली.

म्हणजे काय झालं? यादीत फक्त रुपाली. सोडायची फक्त तिला. अडले कोण तर हे! हे तेव्हा कुवेतच्या मुसाभाईंशी इंटरनेटवरून बुद्धिबळ खेळत होते. गेल्या महिन्यापासून चाललेला डाव, आणि हे जिंकत आले होते म्हणे. मधेच सगळं गेलं. ह्यांनी तारा ओढून पाहिल्या, डब्यावर चापट्या मारल्या, टेलिफोनवाल्यांना तीन पिढ्यांसकट आठवलं. संध्याकाळी मुसाभाईंचा फोन आला की आत्माराम, हरायला लागलास तर सांगायचं, पळायचं कशाला. हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. रुपाली म्हणाली, गंमत आहे, माझं मात्र झकास चालतंय. मी ताटात बघत होते.

चूक सापडल्यावर दुसरा पर्याय घेतला. ह्यांचं सुरू, तिचं बंद. एक दिवस तिचं पूर्ण बंद ठेवलं. ती आत-बाहेर करत राहिली, आणि तिच्या प्रकल्पाची कच्ची प्रत बावीस तारखेच्या सोमवारी द्यायची आहे हे मला ठाऊक. मला ते सहन झालं नाही. म्हणून अडवायची यादी रिकामी करून वेगाच्या पानावर गेले. तिथे प्रत्येक संगणकाला किती वाट द्यायची ते ठरवता येतं. तिला सगळ्यात कमी दिली. बोट बंदरात आहे, पण डिझेल तळाला. लिहिलेलं वाचता येईल, फोटोबिटो उघडताना कंटाळून सोडून देईल.

हे तुझ्या म्हणण्यात बसतं की नाही ते कळव. माझ्या म्हणण्यात बसत नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी (अजून),
गुणा


हर्णे,
१४ ऑक्टोबर २००७

चि. सौ. गुणवंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मालनने मोठ्याने वाचलं. आत्मारामरावांचा भाग दोनदा. त्यांना माझ्यातर्फे सांग की मुसाभाईंना पुढच्या खेपेला मी हापूसची पेटी देईन, डाव बरोबरीत सोडवा.

डिझेल तळाला ठेवलंस ही युक्ती चांगली. चालू दे तसंच. पोर काही बोलली का? काही बोलली नाही तर समज की तिच्या मनातच काहीतरी होतं. शिकायचं असतं तर भांडली असती. आमची रुपाली भांडल्याशिवाय राहत नाही, तुला माहीत आहे.

बोट तीन दिवस आत आहे, वारा ठीक नाही. घरात बसून डोकं फिरतं. नवरात्राची गडबड. मालन उपास करते नि मला बोलते.

जिव्हाळा होता तेवढाच आहे, कमी केलेला नाही.

दादा


रत्नागिरी,
१९ ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ती काही बोलली का, असं तू विचारलंस. बोलली. म्हणाली, आत्या, लाइन फार मंद झाली आहे ना? मी म्हटलं, हं.

त्या एका ‘हं’ने माझा आठवडा खाल्ला. खोटं बोलले का? लाइन मंदच होती. ती मी केली होती एवढंच सांगितलं नाही. इतिहासाच्या तासाला मुलांना सांगते की जे सांगितलं नाही तेही तपासा, आणि घरी येऊन अशी उत्तरं देते.

परदेशातल्या संग्रहालयांनी त्यांच्याकडच्या खेकड्यांची चित्रं काढून इंटरनेटवर ठेवली आहेत. तिने चिखलातून आणलेला प्रत्येक नमुना त्या चित्राशी ताडून बघायचा असतो. पाठीवर किती काटे, नांगी कशी वळलेली, असं सगळं. मी तिच्या मागे उभी राहून पाहिलं. चित्र वरून खाली उतरत येतं, दोन डोळे दिसतात, मग थांबतं. मग एक पाय. ती पेन हातात घेऊन पुढच्या पायाची वाट बघत बसते. संपूर्ण खेकडा यायच्या आत मी कुकरच्या शिट्ट्या मोजून, भाजी फोडणीला टाकून परत आले, तर तो अजून अर्धाच. तिने वर बघून म्हटलं की हा एकेक पाय उघडतोय आत्या, लाजरा दिसतो. मला हसता येईना.

माझी रोजनिशी तिच्याच खोलीतल्या कपाटात असते. ती रोज ते कपाट झटकते. एकदाही तिने ती वही उघडलेली नाही, हे मला नक्की ठाऊक आहे, कारण उघडली असती तर ती पुढचे दोन दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघती. दादा, ती माझ्याशी जशी वागते तशी मी तिच्याशी वागत नाही.

आणखी एक. सोमवारपासून ती कॉलेजनंतर थेट घरी येत नाही. दिवेलागणीच्या आधी येते, पण मधला वेळ कुठे असते ते सांगत नाही. मी विचारत नाही. कोणत्या तोंडाने विचारू? मी सांगत नाही, ती सांगत नाही, आणि जेवायला आम्ही रोज समोरासमोर बसतो.

हे सगळं मी काढून टाकावं असं मला वाटतं. तुझी परवानगी मागते. खरं तर परवानगी मागायची की नाही याचाही विचार केला. पण मी तुझ्या सांगण्यावरून केलं, तर तुला सांगूनच काढीन. लवकर उत्तर दे.

आपल्यात जे आहे ते या पत्राने उणं होणार नाही ना?

गुणा


हर्णे,
२३ ऑक्टोबर २००७

सौ. गुणवंतीस,
आशीर्वाद.

परवानगी कसली मागतेस. तुला विचारायला तोंड नव्हतं, भिकाजीला डोळे आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने रुपालीला एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बघितलं. सायबर कॅफे! तिथे लाकडाचे खोके असतात, पुढे पडदे असतात, आत कोण बसतं ते देवाला माहीत. घरातला डबा बंद केला तर पोरगी बाजारातल्या डब्यात जाऊन बसली. आणि तू लिहितेस की मी विचारत नाही.

मी तुला दोष देत नाही. देतो. थोडा देतो.

येत्या रविवारी, अठ्ठावीसला, टेम्पो घेऊन येतोय. तिचं सामान बांधून ठेव. कॉम्प्युटर तिथेच राहू दे, विकून टाक नाहीतर आत्मारामरावांना दोन-दोन डाव खेळायला ठेव. परीक्षेचं मला सांगू नको. शेडवर उभी राहील, डोळ्यांसमोर राहील.

हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

दादा


रत्नागिरी,
२५ ऑक्टोबर २००७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आत्याने माझ्या हातात दिलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. म्हणून उत्तर मी देते.

बाबा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काकांचं इंटरनेट बंद आणि माझं एकटीचं सुरू, असं लाइन बिघडल्याने होत नाही. कोणीतरी यादी केली असेल तरच होतं. मी राउटर उलटा करून बघितला. त्याच्या पोटावर कंपनीने चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर आत शिरायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही छापलेलं. आत्याने ते बदललं नव्हतं. दोन दिवसांनी माझं बंद झालं, मग मंद झालं, तेव्हा मी आत जाऊन बघितलं. सगळ्यात कमी वेगाच्या रांगेत माझ्या संगणकाचा नंबर होता. नंबराशेजारी एक चौकट असते, कोणाचा संगणक ते ओळखू यावं म्हणून. तिथे लोक ‘बेडरूम’ नाहीतर ‘ऑफिस’ लिहितात. आत्याने इंग्रजी अक्षरांत ‘चि. रुपाली’ लिहिलं होतं. शिक्षा करायच्या यादीतसुद्धा मी चिरंजीव. मी कितीतरी वेळ हसत होते, आणि मग मला फार राग आला.

ती ओळ पुसायला एक टिचकी पुरली असती. आत्याला कळलंही नसतं. पण मग मीही लपवणार, तीही लपवणार. त्यापेक्षा म्हटलं, तिने घातलंय, तीच काढील, नाहीतर निदान सांगेल. तिला बोलायला संधी म्हणून मी लाइन मंद झाली ना असं विचारलंही. ती हं म्हणाली. मग मी पिशवी उचलून कनीजभाभीच्या कॅफेत जायला लागले, कारण कच्च्या प्रतीचा सोमवार खेकड्यांसाठी थांबणार नव्हता.

कनीजभाभीचे यजमान बोटीवर असतात, कॅफे ती एकटी चालवते. पडदे होते, ते तिने आल्या आल्या काढले. खोके आहेत, पण मुलींना ती पुढच्या रांगेत, स्वतःच्या गल्ल्यासमोर बसवते. कोणी मुलगा दोनदा वळून बघताना दिसला तर त्याचं बिल आधी करते. तुम्हाला आवडेल ती. तुमच्यासारखीच ओरडते.

आणि भिकाजीकाकांनी मला बघितलं ते बरोबर आहे, पण रस्त्यावरून नव्हे. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. नव्या टेम्पोचे फोटो बघत होते, माउस उलटा धरून. मीच त्यांना तो सरळ करून दिला.

तुम्ही म्हणता की शिकायचं असतं तर भांडली असती. हे घ्या, भांडते. कच्ची प्रत मी वेळेत दिली. अकरा जातींचे खेकडे ओळखून झाले, दोन राहिलेत. त्यातल्या एकाला सर ओळखू शकले नाहीत. तो तुम्ही ओळखाल असं मला खरंच वाटतं, टोमणा नाही. चित्र काढून सोबत पाठवते. पण शेडवर उभी राहून मी हे वर्ष सोडणार नाही. तुम्ही रविवारी आलात तर मी टेम्पोत बसेन, कारण तुम्ही बाबा आहात. आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.ने परत येईन, कारण मला वर्ग आहे. असं जितक्या रविवारी न्याल तितक्या सोमवारी.

आईला नमस्कार. रागावलात तरी मला लेक म्हणणं सोडू नका.

तुमची,
रुपाली


हर्णे,
२७ ऑक्टोबर २००७

चि. सौ. गुणवंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्या येत नाही. टेम्पोचा क्लच गेलाय.

क्लच काल दुरुस्त झाला, हेही लिहितो, नाहीतर मालन खाली लिहील.

रुपालीचं पत्र तिने वाचून दाखवलं. चिरंजीवच्या ठिकाणी ती एवढी हसली की शेजारची बघायला आली. मला हसू आलं नाही. मी तेव्हापासून एकाच गोष्टीवर अडकलोय. पोरीच्या हातात किल्ली होती नि तिने उघडलं नाही. मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी तो डबा खाडीत फेकला असता, वर तुझ्याशी महिनाभर बोललो नसतो. हे ती कोणाकडून शिकली? माझ्याकडून नाही. तुझ्याकडून म्हणावं तर तूही हं म्हणालीस.

भिकाजीला बोलावून विचारलं. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला की शेठ, गाडीचे फोटोच बघत होतो, त्यात काय वाईट. मी म्हटलं, तेच तर.

वर्ष पुरं करू दे. परीक्षा होईपर्यंत मी काही बोलणार नाही, फोटोबद्दलही. रावजी परत हसला तर त्याच्याकडून बर्फ घेणं बंद करीन, दुसरे आहेत. पण तू ते कुलूप काढ. ती मागेल तेव्हा नको, पत्र मिळताच. आणि तिला सांग की चित्रातला खेकडा मी ओळखत नाही. पावसाच्या तोंडाला एखाददुसरा जाळ्यात येतो, आम्ही फेकून देतो. नाव कोणी ठेवलेलं नाही. तिला हवं तर पुढच्या वेळी फेकण्याआधी ठेवून देईन.

मी चुकलो असं लिहीत नाही. मला अजून तो डबा आवडत नाही.

दादा


रत्नागिरी,
३० ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल दुपारी आलं आणि मी पदर खोचून राउटरसमोर बसले. पासवर्ड घातला, लागेना. पुन्हा घातला, लागेना. शेवटी हे म्हणाले की अरे हो, मी तो परवा बदलला, सुरक्षित असावा म्हणून. मी विचारलं, काय ठेवलात? तर ते आठवत नाही! मुसाभाईंशी डाव चालू असताना बदलला, म्हणून डोक्यात घोडे आणि उंट होते म्हणे. या घरात एकच कुलूप होतं, तेही आता मालकाला उघडेना.

मग जे पंधरा दिवस टाळलं ते करावं लागलं. रुपालीच्या दारात गेले. सगळं सांगितलं, नंबर उतरवून घेताना दाराकडे बघत होते तेही. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी मला माझ्या तोंडून सांगायचंय. तिने ऐकून घेतलं. मधे एकदाही सोपं करून दिलं नाही. मी म्हटलं, आता तूच ते काढून दे बाई, मला जमत नाही. तर नाही म्हणाली. म्हणाली, तू घातलंस, तूच काढ, मी शेजारी बसते.

म्हणून राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून तो कोरा करायचा, मग कंपनीची नावं-नंबर पुन्हा भरायचे, हे सगळं माझ्या हाताने झालं. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगत गेली. तिथे नाही आत्या, खाली. वाच आणि मग दाब. घाई नको. मी वर्गात जसं बोलते तसंच. दोनदा चुकले, दोनदा तिने पहिल्यापासून करायला लावलं. शेवटी पान आलं तेव्हा वेगाची रांग रिकामी होती. कोणाचंच नाव नाही. ह्यांनी तिकडून ओरडून सांगितलं की मुसाभाई आलेत.

रुपालीने तिच्या टेबलावर जाऊन एक खेकडा उघडून पाहिला. सगळे पाय एकदम. मी म्हटलं, झालं ना? ती हं म्हणाली.

तुझा निरोप दिला, त्या बिननावाच्या खेकड्याचा. तिने तो उभ्या उभ्या दोनदा सांगायला लावला. तू ठेवून देणार आहेस हे ऐकून ती पहिल्यांदा नीट हसली. तेवढं हसू तुझ्या वाट्याचं आहे, माझ्या नव्हे. ती वर्ष पुरं करते आहे, आणि चांगलं करील. त्याची काळजी सोड.

माझी मात्र सोडू नको. कारण आज, दादा, घरातली लाइन वाऱ्यासारखी चालते आहे, कोणतीही यादी नाही, पासवर्ड आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. आणि कॉलेजातून येऊन चहा पिऊन झाल्यावर रुपालीने पिशवी उचलली आणि ती कनीजकडे गेली. चप्पल घालताना म्हणाली, कनीजभाभीकडे जाते. मी म्हटलं, ये जाऊन. घरी सगळं चालू आहे असं जिभेवर आलं होतं. गिळलं.

हे लिहिते आहे तेव्हा ती अजून यायची आहे. उशीर झालेला नाही.

वहिनीला नमस्कार सांग. तुम्ही दोघं एकदा नुसते या, सामान न्यायला नको. माझ्यावरचा लोभ तुझा कमी होत नाही हे मला माहीत आहे. रुपालीचा मला पुन्हा मिळवायचा आहे.

तुझी,
गुणा